बळींवरच पुन्हा आळ

‘सेलम’ ही मालिका निव्वळ करमणूक आहे, तिला इतिहासाचा जाच कशाला, असे मागील अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे. ते पटत नाही. १६९२ मध्ये अमेरिकेतील सेलमला चेटुकाच्या खटल्यांत १९ जणांना फाशी झाली. त्यांतले कुणीही चेटूक करत नव्हते. मालिकेत मात्र चेटकिणी खऱ्या आणि कितीतरी नावे त्याच खटल्यांतली! आपल्याकडेही करणीचा आळ घेऊन छळणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्राला २०१३ मध्ये कायदा करावा लागला. आमच्या म्हैसुरात तर आख्यायिकेनुसार वोडेयार राजघराण्याला शाप देणाऱ्या अलमेलम्मालाही राजवाड्यात पूजेचा मान आहे; मग ज्यांनी काहीच केले नाही त्यांच्यावर पुन्हा आळ कशाला? भयकथा जरूर दाखवा; पण त्यात निरपराधांची खरी नावे वापरू नका.

– एक वाचक, म्हैसूर