बेडूक रबरी, मरळ खरी

सूरजागडहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तिकडे वाळूत चपटून बसणारा, दोन्ही डोळे एकाच अंगाला असलेला लेप मासा. त्याच्यासाठी आमिष तळाशी ओढावं लागतं, म्हणून दोरीला शिसं जास्त. इकडे एटापल्लीच्या बाजूला तळ्यात राज्य मरळीचं. ती हवा घ्यायला वर येते, म्हणून आमिषही तरंगणारं: रबरी बेडूक, गळ त्याच्या पाठीला चिकटलेले, म्हणजे शेवाळात अडकत नाहीत. पोटात शिशाचा दाणा सरकवला की बेडूक लांब पडतो. पाय थोडे कातरले की चाल बदलते. एवढी हुशारी पुरे. पावसाळ्यात पाण्यावर केशरी पिल्लांचा पुंजका दिसला, तर मात्र गळ गुंडाळा. खाली आईबाप पहाऱ्यावर असतात.