पेन्शन त्याची, खेटे तिचे

नवरा तीस वर्षे नोकरी करतो तेव्हा घरी कुणीतरी त्याचा डबा भरत असते, सासू-सासऱ्यांची दुखणी काढत असते, दर बदलीला नव्या गावी बिऱ्हाड मांडत असते. या श्रमांच्या आधारावर मिळणारे निवृत्तिवेतन मात्र त्याच्या एकट्याचे मानले जाते. पश्चिम जर्मनीने १९७७ मध्ये आणि इंग्लंडने २००० मध्ये घटस्फोटाच्या वेळी पेन्शनची वाटणी सुरू केली. आपल्या विवाहविषयक कायद्यांत अशी तरतूद नाही. बाईला मागता येते ती फक्त पोटगी, आणि पोटगी म्हणजे तारखा.

या तारखा आपोआप लांबत नाहीत. नोटीस घ्यायची नाही, वकील बदलायचा, पगाराचे कागद दडवायचे, हे सारे ठरवून चालते. निवृत्तीची वेळ तर फारच मोक्याची. ग्रॅच्युइटी हातात येते. केंद्र सरकारच्या नोकरीत पेन्शनचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात. आदेश होईपर्यंत ही रक्कम भावाच्या नाहीतर पुतण्याच्या नावावर गेलेली असते.

म्हणून मैत्रिणींनो, अर्ज नवऱ्याच्या निवृत्तीआधीच व्हायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये 'रजनेश विरुद्ध नेहा' या खटल्यात सांगितले आहे, की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि दोन्ही पक्षांनी उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे. त्या प्रतिज्ञापत्रात निवृत्तीची तारीख, भविष्य निर्वाह निधी आणि मिळणारी पेन्शन यांचा तपशील आग्रहाने मागावा. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदाच म्हणतो. तारीख पुढे ढकलली जात असेल, तर हे न्यायालयाच्या नजरेस आणून द्यावे.

"पेन्शनवर जप्ती येत नाही," असे बायकांना बेधडक सांगितले जाते. ते संरक्षण सावकारापासून आहे. बायको सावकार नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये थकलेल्या पोटगीसाठी पेन्शनवर जप्ती आणता येते, असा निर्णय दिला आहे.

थकबाकीच्या वसुलीत मात्र एक खाच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली वसुलीचे वॉरंट हवे असेल, तर रक्कम देय झाल्यापासून १ वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. 'आज देतो, उद्या देतो' यात हे वर्ष सरते. प्रत्येक केंद्राने एक वही ठेवावी: आदेशाची तारीख, थकलेले महिने आणि वर्ष कधी संपते तो दिवस.

आणखी एक गोष्ट. घटस्फोटित पत्नीला नवऱ्याच्या मृत्यूनंतर कुटुंबनिवृत्तिवेतन मिळत नाही. परस्परसंमतीच्या कागदावर सही करण्याआधी हे तिला कुणी सांगितलेले असते का? त्या बदल्यात एकरकमी काय मिळणार, ते आधी ठरले पाहिजे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कायम पोटगीची रक्कम नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा चढवून सुरक्षित करून घेता येते.

पण वहीने आणि वॉरंटाने किती दिवस भागवायचे? आपली मागणी स्पष्ट हवी: संसाराच्या वर्षांच्या प्रमाणात पेन्शनमध्ये पत्नीचा वाटा कायद्याने ठरवा. तोवर निदान न्यायालयाने ठरवलेली रक्कम पेन्शन देणाऱ्या कार्यालयाने दरमहा थेट तिच्या खात्यात जमा करावी. नवऱ्याच्या मर्जीवर ती रक्कम सोडू नये.