मुद्रांकावर विवाह मोडत नाही

परिचयाचे एक निवृत्त शिक्षक मध्यंतरी भेटीस आले होते. लेकीचा संसार दोन वर्षांतच विस्कटला. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून, कसलाही तंटा न करता, मुद्रांकावर ‘उभयतांचा आता संबंध उरला नाही’ असे लिहून घेतले, नोटरीचा शिक्का उमटवला आणि विषय मिटला असे मानले. आता मुलीला दुसरे चांगले स्थळ सांगून आले होते. नव्या मंडळींना हा कागद दाखवला की पुरे ना, एवढेच गुरुजींना विचारायचे होते. त्यांना ‘नाही’ म्हणणे जड गेले. कायद्याच्या दृष्टीने त्यांची मुलगी आजही पहिल्याच घरची सून आहे. त्या कागदाच्या भरवशावर तिचे लग्न लावले असते, तर ते मुळातच अवैध ठरले असते; शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ प्रमाणे तो सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेस पात्र असा गुन्हाही झाला असता.

विवाह हा करार नसून संस्कार आहे, ही आपली श्रद्धा. त्यामुळे घटस्फोटाच्या कायद्याची साधी माहिती घेणेही अनेक घरांत अशुभ वाटते. परंतु ज्या परंपरेचा आपण दाखला देतो, तिने या प्रश्नाकडे पाठ फिरवलेली नाही. धर्म्य विवाह वगळता इतर विवाहांत परस्परांचा द्वेष झाल्यास मोकळीक असावी, असे कौटिल्याने सांगितले. अनेक समाजांत काडीमोड रूढ होता. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी, मग १९४७ मध्ये मुंबई प्रांताने आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने साऱ्या देशाने विच्छेदाला कायद्याची चौकट दिली. हा कायदा बौद्ध, जैन व शीख बांधवांनाही लागू आहे.

या चौकटीत मार्ग दोन. पहिला एकतर्फी अर्जाचा. त्यासाठी क्रूरता, व्यभिचार, किमान दोन वर्षांचा परित्याग, धर्मांतर, दुर्धर मनोविकार, संन्यास, सात वर्षे ठावठिकाणा नसणे यांसारखे कारण सिद्ध करावे लागते. क्रूरता म्हणजे केवळ मारहाण नव्हे. मानसिक छळही तीत येतो. दुसरा मार्ग परस्परसंमतीचा, १९७६ च्या दुरुस्तीने खुला झालेला. त्यासाठी दोघे किमान वर्षभर पती-पत्नी म्हणून नांदत नसले पाहिजेत. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबून, अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा संमती द्यायची असते. समेटाची आशाच उरली नसेल, तर हे सहा महिने न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. हुकूमनामा होईपर्यंत मात्र कोणीही संमती मागे घेऊ शकतो. लग्नाला वर्ष होण्याआधी, अपवादात्मक हालअपेष्टा वगळता, अर्जच करता येत नाही. आणि निकालानंतरही अपिलाची मुदत संपल्याखेरीज पुनर्विवाह करता येत नाही.

मग काडीमोडाचे काय? रूढीने चालत आलेला विच्छेद कायद्याने राखून ठेवला आहे. पण तशी रूढी आपल्या समाजात प्राचीन आणि अखंड आहे, हे न्यायालयात सिद्ध करावे लागते. आपल्यापैकी बहुतेक घरांना तो आधार सापडणार नाही. तेथे न्यायालयाच्या हुकूमनाम्याला पर्याय नाही.

आणखी काही गोष्टी मुलीच्या माहेराने ध्यानात ठेवाव्यात. २००३ च्या दुरुस्तीमुळे पत्नी आपण राहतो तेथील न्यायालयात अर्ज करू शकते. तिला सासरच्या गावी खेटे घालण्याचे कारण नाही. खटला चालू असताना खर्च व पोटगी मागता येते. २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार दोघांनाही आपले उत्पन्न व मालमत्ता शपथपत्रावर उघड करावी लागते. उत्पन्न कितीही असो, स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहते. त्यानंतरही कसोटी एकच, मुलाचे हित. आईबापांच्या मानापमानाला तेथे स्थान नाही, आणि घरातही नसावे.

याचा अर्थ उठसूट न्यायालयाची पायरी चढावी असा नव्हे. समेटाचा प्रयत्न करणे हे कायद्याने न्यायालयाचेच कर्तव्य ठरवले आहे; कौटुंबिक न्यायालयात त्यासाठी समुपदेशक असतात. अहंकार, दोन्हीकडच्या आयांचे दूरध्वनी, पैशाचे गैरसमज यांतून फाटलेले पुष्कळ संसार तेथे पुन्हा सांधले जातात. मात्र जेथे मारहाण आहे, व्यसन आहे, जिवाला धोका आहे, तेथे ‘जुळवून घे’ हा उपदेश संस्कार नसून क्रौर्य आहे. ‘दिल्या घरी सुखी राहा’ म्हणणाऱ्या बापाने, ती तेथे सुखी आहे ना, हेही विचारले पाहिजे.

कार्यकर्त्याच्या दारी अशी कुटुंबे वारंवार येतात. त्याने न्यायाधीश होऊ नये आणि मुद्रांकावर निवाडा तर मुळीच लिहून देऊ नये. दोन्ही बाजू शांतपणे ऐकाव्या, समुपदेशकाचा व वकिलाचा रस्ता दाखवावा आणि निकालापर्यंत त्या घराची सोबत करावी. आमच्या गुरुजींनी आता परस्परसंमतीचा अर्ज दाखल केला आहे. नव्या स्थळाच्या मंडळींनी सारे समजून घेऊन थांबण्याची तयारी दाखवली. समाजाचे शहाणपण दिसते ते अशा थांबण्यात.