अव्वा, जरा थांबा, उघडतोय फोटो

परवा दुपारी चहा झाल्यावर अव्वांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, कॉम्प्युटरपुढे बसवलं. वय ८४. माहेर गोकाक फॉल्सचं, वडील तिथल्या गिरणीत. घटप्रभेवरचा झुलता पूल, गिरणीची चाळ, कुणाकुणाची लग्नं... अव्वांच्या ट्रंकेतले तीनेकशे फोटो मी दिवाळीच्या सुट्टीत स्कॅन करून ठेवले होते. त्यातली माणसं ओळखणारं घरात आता एकच माणूस. गेल्या वर्षी त्यांचे थोरले भाऊ गेले आणि निम्मी नावं त्यांच्याबरोबर गेली.

पहिला फोटो उघडायला गेले, तर चक्र फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. अर्ध्या मिनिटाने फोटो आला, तोवर अव्वा खिडकीबाहेर बघत होत्या. तिसऱ्या फोटोला त्या उठल्याच. "साकु बिडवा, नाळि नोडूण."

चौऱ्याऐंशीव्या वर्षी 'नाळि'वर किती भरवसा ठेवायचा, सांगा!

दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला, नवाच घ्या. भाचा म्हणाला, "मामी, फॉरमॅट मारूया." मी दोघांनाही थांबवलं. आधी सगळे फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतले. दुरुस्तीच्या नादात फोटोच गेले, असं आमच्या गल्लीत दोन घरांत झालंय.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली. टास्क मॅनेजर उघडतो, आणि कॉम्प्युटरमध्ये कोण राबतंय, कोण बसून आहे, ते दिसतं. प्रोसेसर निवांत. मेमरी अर्धी रिकामी. डिस्क मात्र १०० टक्के! म्हणजे नवा कॉम्प्युटर नको होता, डिस्कवरचा भार उतरवायला हवा होता. आमचे फोटो बाहेरून जोडलेल्या जुन्या डिस्कवर आहेत. तिची तबकडी मिनिटाला ५,४०० वेळा फिरते, पण एका वेळी ती एकाच ठिकाणचं वाचू शकते. तिच्याकडे मी फोटो मागत होते, त्याच वेळी सॉफ्टवेअर मागच्या मागे सगळ्या फोटोंतले चेहरे शोधत बसलं होतं आणि अँटिव्हायरस प्रत्येक फाइल तपासत होता. एका खिडकीपुढे तीन रांगा!

आणि खरा गुन्हा माझाच. हौसेने मी स्कॅन केले होते १,२०० डीपीआयवर, तेही टिफमध्ये आणि कृष्णधवल फोटो असून रंगीत सेटिंगवर. हिशेब करून बघा. सहा बाय चार इंचाचा फोटो म्हणजे ७,२०० गुणिले ४,८०० ठिपके, ठिपक्याला तीन बाइट, झाले जवळजवळ १०४ एमबी. एका फोटोचे! ६०० डीपीआयला तो २६ एमबीवर येतो, आणि घरगुती जुन्या फोटोत त्याहून बारीक तपशील सहसा नसतोच.

मग काय केलं? टिफ फाइली वेगळ्या फोल्डरात ठेवून सॉफ्टवेअरला तो फोल्डर बघू नको म्हणून सांगितलं. कामासाठी त्यांच्या लहान जेपेग प्रती काढल्या. चेहरे शोधणं थांबवलं, ते आता रात्री जेवणं झाल्यावर चालतं. सॉफ्टवेअरची छोट्या चित्रांची यादी बाहेरच्या डिस्कवर होती, ती आतल्या डिस्कवर आणली. बाहेरच्या डिस्कची वायर काळ्या जुन्या यूएसबीतून काढून निळ्यात घातली. त्यात डेटा पुष्कळ वेगाने जातो. पुढेमागे एसएसडी घालीन, तिला फिरणारी तबकडीच नसते. पण तूर्त फोटो दोन सेकंदांत उघडतो.

एक मात्र आधीपासून पाळलं. २०१६ मध्ये पिकासा बंद झालं, तेव्हाच ठरवलं की सॉफ्टवेअर येतील नि जातील, नावं फोटोच्या फाइलमध्येच लिहायची. तशी सोय सेटिंगमध्ये असते, शोधावी लागते. आणि आपल्यासारख्या दोनभाषी घरात नातं दोन्हीकडून लिहा. मी 'मावशी' शोधत होते, काही सापडेना. अव्वांनी सांगितल्याप्रमाणे मी 'चिगव्वा' लिहून ठेवलं होतं!

काल अव्वा पुन्हा बसल्या. तासाभरात एकतीस फोटो झाले. झुलत्या पुलावरच्या एका मुलीपाशी थांबल्या. ती त्यांची धाकटी बहीण, नवव्या वर्षी तापाने गेलेली. तिचा एवढा एकच फोटो आहे, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या शेजारी टोपीवाले एक गृहस्थ आहेत. त्यांचं नाव काही आठवेना, म्हणून 'गिरणीतले मास्तर' एवढंच लिहून ठेवलंय.

आज अव्वांनी स्वतःच विचारलं, चहा कधी ठेवतेस?