रुसायला जागा लागते

रक्त पिऊन जगणाऱ्या पिशाच्चांच्या प्रेमकथा आपल्या वर्गात सध्या मोठ्या आवडीने पाहिल्या जातात. नायक शंभरी उलटलेला, पण दिसतो सतरा वर्षांचा. नायिका जेवण, झोप, म्हातारपण सारे सोडून त्याच्याच जातीची होते आणि पुढे दोघे कायमचे सुखी! स्टेफनी मेयरच्या २००५ साली सुरू झालेल्या 'ट्वायलाइट' मालिकेचा सांगाडा एवढाच. मैत्रिणी याला अमर प्रेम म्हणतात. मला ते पटत नाही. लग्न झाले की कथा संपते. खरी अडचण तर तिथूनच सुरू होते. मरणच नसेल तर त्याच माणसाशी चारशे वर्षे बोलायचे तरी काय?

हा प्रश्न जिम जार्मुश या दिग्दर्शकाने आपल्या २०१३ च्या चित्रपटात विचारला आहे. त्यातले ॲडम आणि ईव्ह हे शतकानुशतकांचे नवरा-बायको. पण तो राहतो अमेरिकेत डेट्रॉइटला आणि ती मोरोक्कोत टँजिअरला. भांडण नाही, काडीमोड नाही, तरी घरे दोन. तो खचला की ती रात्रीच्या विमानाने त्याच्याकडे येते. 'कायम' हा शब्द या दोघांना अधिक शोभतो.

पण त्यासाठी मोरोक्कोपर्यंत जायला नको, पंढरपूर पुरे आहे. देवांना पिशाच्चांच्या पंक्तीला बसवते आहे असा कृपया कोणी समज करून घेऊ नये. ज्यांना मरण नाही अशा जोडप्याचे टिकते कसे, एवढेच मला पाहायचे आहे. कथा सर्वांना ठाऊक आहे. द्वारकेत कृष्णाजवळ राधा बसलेली पाहून रुक्मिणी रुसली आणि निघाली ती थेट दिंडीरवनात आली. देव तिला शोधत मागोमाग आला, पुंडलिकाच्या विटेवर उभा राहिला आणि तिथेच राहिला. गावोगावच्या देवळांत दोघे शेजारी उभे असतात. पंढरपुरात मात्र रुक्मिणीचे देऊळ त्याच आवारात, पण वेगळे आहे. तिरुपतीलाही तसेच. बालाजी डोंगरावर, पद्मावती खाली तिरुचानूरला.

मला या कथेत राधेपेक्षा दोन गोष्टी मोठ्या वाटतात. रुक्मिणीला रुसून जायला जागा होती, ही एक. दुसरी म्हणजे, देवाने तिला द्वारकेला ओढून नेले नाही. तोच तिच्या गावी येऊन राहिला. शिवाय तिचे माहेर तुटले नाही. विदर्भातल्या कौंडण्यपुराहून आजही दर आषाढीला पालखी पंढरपूरला जाते. आपल्या मुक्ताईनगरहून मुक्ताईची पालखी महिन्याहून अधिक चालून तिथेच पोचते. विठ्ठलाकडे जाणारे सगळेच. पण लेकीच्या दारी जाणारी माहेरची पालखी कौंडण्यपूरची.

आता आपल्या खानदेशाकडे या. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. पूर्वजांनी ठरवून दिलेली ही वर्षाची रजाच म्हणा ना. पण रजा सणापुरती. पाचव्या दिवशी शेजारीण विचारते, "कधी जाणार?" पंधराव्या दिवशी गाव म्हणते, "नांदत नाही वाटतं." रागावून आली असेल तर विचारूच नका, तिला परत पोचवायला घरचेच आधी निघतात.

२००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा मिळाला. कागदावर जागा झाली. पण धुळे काय, जळगाव काय, साडीचोळी घेऊन बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्याची उदाहरणे कोणत्या गावात नाहीत? 'भावाशी वाकडे नको' हे त्यामागचे कारण मी समजू शकते. माहेरचे दार उघडे राहावे म्हणूनच ती सही करते, आणि त्याच सहीने त्या घरातली तिची खोली जाते.

तृतीय वर्षातल्या काही ताईंची लग्ने येत्या उन्हाळ्यात आहेत. पत्रिकेवर दोघांची नावे शेजारी शेजारी छापली जातील, तसे छापावेच. त्याआधी एखाद्या ताईने घरी हक्कसोडीचा विषय काढला, तर तिला आगाऊ म्हणू नये, एवढे वडीलधाऱ्यांपाशी मागणे आहे.