ताबा, पोटगी आणि रामवाडीचे आजोळ

गौरी-गणपतीसाठी म्हणून पेणजवळच्या रामवाडीस आजोळी आणलेले मूल, सुटी सरून परतीचे विमान निघून गेल्यावरही तेथेच राहिले, म्हणजे आपल्या परदेशस्थ मंडळातील एखाद्या दांपत्याचा तोवर चार भिंतींआड चाललेला कलह दोन देशांच्या न्यायसंस्थांपुढे जाऊन पडतो. आणि मग परदेशी न्यायालयाचा हुकूम हाती असलेला पिता, तो दाखवताच मूल आपल्या स्वाधीन होईल अशा भरवशावर राहतो. हा भरवसा फोल आहे. बालअपहरणविषयक १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही, आणि परकीय हुकूम विचारात घेतला तरी निर्णायक ठरते ते मुलाचे हितच, असे सर्वोच्च न्यायालयाने नित्या आनंद राघवन प्रकरणी २०१७ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

मातेनेही निर्धास्त राहू नये. हिंदू कुटुंबांना लागू असलेल्या १९५६ च्या कायद्याप्रमाणे पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः तिच्याकडे असतो खरा, परंतु त्याच कायद्याचे तेरावे कलम आईबापांच्या हक्कांहून मुलाच्या कल्याणास श्रेष्ठ मानते.

माझा खरा आक्षेप आहे तो ताबा आणि पोटगी यांचा सौदा करणाऱ्या वृत्तीवर. मूल भेटू देत नाहीत म्हणून पैसे बंद करणारा बाप आणि पैसे येत नाहीत म्हणून भेट बंद करणारी आई, दोघेही, आपापल्या परीने सुशिक्षित व सुसंस्कृत असूनही, जे स्वतःचे नाहीच ते गहाण टाकीत असतात. कारण पोटगी ही मुलाची, आणि भेटही मुलाचीच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ अन्वये रामवाडीत राहणारी माता पेणच्या दंडाधिकाऱ्यापुढे अर्ज करू शकते; रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निवाड्यानुसार रक्कम अर्जाच्या तारखेपासून देय होते, व सबळ कारणावाचून थकविल्यास वसुलीचे वॉरंट, आणि त्यानेही न भागल्यास कैदेपर्यंत पाळी येते. (बाप परदेशी असल्यास ही वसुली किती रेंगाळते, हे वकिलास विचारावे.) उलटपक्षी, त्याच वर्षी यशिता साहू प्रकरणात न्यायालयाने, दूर असलेल्या पालकाशी व्हिडिओ कॉलवर बोलण्याचा मुलाचा हक्क मान्य केला.

म्हणून मुलास आजोळी धाडण्यापूर्वीच, संबंध बिघडलेले असोत वा नसोत, परतीची तारीख, पासपोर्ट कोणाकडे राहील, आणि दरमहा किती रुपये कोणत्या खात्यात जमा होतील, एवढे उभयतांच्या सह्यांनिशी लिहून ठेवावे; आणि कॉलची वेळ ठरवताना रामवाडीच्या घड्याळाप्रमाणे मूल तेव्हा जागे असेल, एवढे पाहावे.