विश्लेषण : परदेशी कर्जाच्या प्रकल्पांचे यश मोजायचे कुठे?

६ मार्च २०२२ रोजी पुण्यात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दोन प्रकल्पांचे कार्यक्रम एकाच दिवशी झाले. पुणे मेट्रोचे उद्घाटन झाले. त्यात पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी हा टप्पाही होता. आणि मुळा-मुठा नदी प्रदूषण नियंत्रण प्रकल्पाची पायाभरणी झाली. दोन्ही प्रकल्पांना परदेशी कर्जाचा आधार आहे. फरक इतकाच की, नदीचा प्रकल्प मूळ वेळापत्रकानुसार जानेवारी २०२२ मध्येच पूर्ण व्हायचा होता. म्हणजे मुदत संपल्यावर दोन महिन्यांनी पायाभरणी झाली! अशा प्रकल्पांचे मूल्यमापन कसे होते आणि कसे व्हायला हवे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

ही मदत आहे की कर्ज?

बोलण्यात ‘मदत’ म्हटले जाते, पण बहुतांश रक्कम परतफेडीची असते. मुळा-मुठेसाठी जपानच्या ‘जायका’ या सरकारी संस्थेशी जानेवारी २०१६ मध्ये सुमारे १,९०६ कोटी येनचा करार झाला. व्याजदर अवघा ०.३० टक्के, मुदत ४० वर्षे आणि त्यातील पहिली दहा वर्षे सवलतीची. पुणे मेट्रोसाठी युरोपीय गुंतवणूक बँकेने ६० कोटी युरो आणि फ्रान्सच्या सरकारी विकास संस्थेने २४.५ कोटी युरो देऊ केले. पिंपरी-चिंचवडमधील नाशिक फाटा ते वाकडसारख्या बीआरटी मार्गांना जागतिक बँक आणि जागतिक पर्यावरण निधीच्या शाश्वत नागरी वाहतूक प्रकल्पातून साहाय्य मिळाले.

व्याज कमी असले तरी हा पैसा करदात्यांचाच आहे. ज्या वर्षी ‘जायका’शी करार झाला, त्या वर्षी जन्मलेले मूल चाळिशीत पोहोचेपर्यंत या कर्जाचे हप्ते चालू राहतील. त्यामुळे या पैशातून काय साधले, हे विचारण्याचा पहिला हक्क टोकियो किंवा पॅरिसचा नाही, इथल्या रहिवाशाचा आहे.

मूल्यमापनाची प्रचलित पद्धत कोणती?

‘ओईसीडी’च्या विकास साहाय्य समितीने १९९१ मध्ये पाच निकष मांडले. २०१९ मध्ये त्यात सुसंगतीची भर पडून ते सहा झाले. प्रकल्पाची गरज होती का, इतर कामांशी त्याचा मेळ बसतो का, उद्दिष्ट गाठले का, पैसा आणि वेळ नीट वापरला का, लोकांच्या जगण्यात फरक पडला का आणि तो टिकेल का, असे हे सहा प्रश्न. जवळपास सर्व मोठ्या संस्था हीच चौकट वापरतात.

चौकटीत खोट नाही. अडचण अशी की, व्यवहारात सोपे तेच मोजले जाते. किती किलोमीटर मार्ग बांधला, किती शुद्धीकरण केंद्रे उभी राहिली, किती निधी खर्च झाला, हे कागदावर लगेच दाखवता येते. नदी किती सुधारली आणि कामगाराचा किती वेळ वाचला, हे मोजायला वर्षे लागतात. तोवर अधिकारी बदललेले असतात आणि कर्जाची फाइल बंद झालेली असते.

नदीच्या प्रकल्पाचे नेमके काय झाले?

मूळ आराखडा ९९० कोटी रुपयांचा होता. एकूण ३९६ दशलक्ष लिटर दैनंदिन क्षमतेची ११ मैलाशुद्धीकरण केंद्रे त्यात होती. २०२२ मध्ये पायाभरणी झाली तेव्हा खर्चाचा आकडा १,४७० कोटींच्या पुढे गेला होता. केंद्रांची संख्या तितकीच राहिली आणि क्षमताही जवळपास तेवढीच. वेळ आणि पैसा यांच्या निकषावर या प्रकल्पाला चांगले गुण देणे कठीण आहे.

त्याहून मोठा प्रश्न हद्दीचा आहे. प्रकल्प पुणे महापालिकेचा. नदी मात्र एका महापालिकेची नाही. औंधच्या काठावर पुणे, तर समोर सांगवीच्या काठावर पिंपरी-चिंचवड. नागरी वस्ती आणि औद्योगिक पट्टा ओलांडून आलेली पवना दापोडीजवळ मुळेला मिळते. पुण्याची अकराही केंद्रे उत्तम चालली, पण पवनेतून येणारे पाणी तसेच राहिले, तर केंद्राच्या मुखाशी घेतलेला नमुना उत्तीर्ण होईल आणि संगमावरचा नापास. घरगुती मैलापाण्यासाठी बांधलेली केंद्रे कारखान्यांतील रसायनांवर उपाय नसतात, हेही लक्षात घ्यावे लागेल. उत्तरेकडची इंद्रायणी तर या प्रकल्पात नाहीच. आळंदीत तिच्यावर वारंवार दिसणारा फेस मात्र याच औद्योगिक पट्ट्याच्या प्रश्नाचा भाग आहे.

चाकणच्या कामगाराच्या पदरात काय?

मेट्रोचा मार्ग सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत पोहोचला. पुण्याला जाणाऱ्या पिंपरीकरांची सोय झाली, हे नाकारता येणार नाही. पण या पट्ट्यातील कामगारांचा मोठा लोंढा उलट दिशेने, चाकणच्या औद्योगिक वसाहतीकडे जातो. पिंपरीच्या मेट्रो स्थानकापासून चाकण सुमारे २० किलोमीटरवर आहे. पुढे नाशिक महामार्गाची कोंडी आणि तळेगाव चौकातील खोळंबा ठरलेलाच. कंपनीची बस नसलेल्या कंत्राटी कामगाराला दुसरी पाळी सुटल्यावर रात्री उशिरा दुचाकी किंवा शेअर रिक्षा गाठावी लागते.

मेट्रोच्या फाटकातून किती प्रवासी गेले, हा आकडा खरा असला तरी अपुरा आहे. बीआरटीलाही हेच लागू होते. मार्ग बांधण्यामागचा हेतू लोकांनी खासगी वाहन सोडून बसमध्ये बसावे हा होता. त्यामुळे मार्गिकेची लांबी हे यशाचे माप होऊ शकत नाही. किती जणांनी दुचाकी घरी ठेवली, हे खरे माप. शहर वेगाने वाढत असताना केवळ ‘आधी आणि नंतर’ची तुलनाही फसवी ठरते. मार्ग झाला नसता तर काय झाले असते, याचा अंदाज घेण्यासाठी बीआरटी नसलेल्या रस्त्यांशी तुलना करावी लागते.

सगळा दोष कर्ज देणाऱ्यांचा आहे का?

तसे म्हणणे अन्यायाचे होईल. नदीच्या प्रकल्पात महापालिकेपासून केंद्रापर्यंतच्या मंजुऱ्या आणि निविदा प्रक्रियेत वर्षे गेली. परदेशी कर्जासोबत येणारे खरेदीचे नियम आणि पर्यावरणीय तपासणी काही वेळा स्थानिक कारभाराला शिस्तही लावतात. पवनेच्या प्रदूषणाचा ठपका मुळा-मुठा प्रकल्पावर ठेवता येणार नाही, हा युक्तिवादही योग्य आहे. मात्र हा युक्तिवाद मान्य केला, तर ‘मुळा-मुठा स्वच्छ होणार’ अशी जाहिरात करण्याचा अधिकारही उरत नाही. श्रेय संपूर्ण नदीचे घ्यायचे आणि हिशेब फक्त केंद्राच्या आवारापुरता द्यायचा, हे एकाच वेळी चालणार नाही.

मग काय करायला हवे?

चार गोष्टी फारशा खर्चाच्या नाहीत. पहिली, काम सुरू होण्यापूर्वीच्या स्थितीची नोंद जाहीर करावी. दुसरी, मोजणीची ठिकाणे प्रकल्पाच्या हद्दीबाहेरही असावीत. पवना-मुळा संगमावर पाण्यातील जैविक प्राणवायूची मागणी स्नानयोग्यतेच्या मर्यादेत, म्हणजे लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत, आली का? पिंपरीहून चाकणला पाळीच्या वेळी घर ते कारखाना किती मिनिटे लागतात? हे दरवर्षी मोजता येते. तिसरी, केंद्रांच्या वीज आणि देखभालीच्या खर्चाची तरतूद महापालिकेने अंदाजपत्रकात वेगळी दाखवावी. कारण कर्जातून केंद्र उभे राहते, ते चालवावे लागते महापालिकेला. चौथी, दोन्ही महापालिकांनी हा हिशेब एकत्रितपणे, मराठीतून, हप्ते संपेपर्यंत दरवर्षी नागरिकांसमोर ठेवावा.

कर्ज देणाऱ्या संस्था आपापले अहवाल लिहितीलच. पण ते त्यांच्या संचालक मंडळांसाठी असतात. दापोडीचा रहिवासी आणि चाकणचा कामगार यांच्यासाठीचा अहवाल इथल्याच महापालिकांनी लिहायचा आहे, आणि तो मागण्याचे काम नागरिकांचे आहे.